कार्ड जप, पण यादीत नाव बघ

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, रात्री जेवणं चालू असताना मतदानावरून घरात चांगलीच जुंपली." तुझे सासरे म्हणत होते, ज्याला स्वतःची ओळख पटवता येत नाही त्याला रांगेत उभंच करू नये, बोगस मतदानाने सगळं नासवलंय. तुझी नणंद म्हणत होती, कागद मागायला लागलं की पहिल्यांदा गरीब गळतात आणि त्यांच्या पाठोपाठ बायका. मग दोघांनी तुझ्याकडे बघितलं आणि तू आमटी आणायच्या निमित्ताने आत गेलीस. लग्नाला वर्षही झालं नाही, त्यात कोणाची बाजू घेणार, मला समजतं गं. पण नंतर तू मला हळूच विचारलंस, "खरं कोणाचं?" त्याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देणं मला पटेना. म्हणून सविस्तर लिहितेय. दुपारी निवांत वाच.

आधी तुझंच विचारते. तुझं नाव सध्या कुठल्या यादीत आहे? कऱ्हाडच्या, माहेरच्याच ना? मग ओळखपत्र पर्समध्ये असलं तरी चिंचवडच्या केंद्रावर तुला मत देता येणार नाही. चांगल्या शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकांनाही हे मतदानाच्या दिवशी सकाळी कळतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६२व्या कलमात हे स्पष्ट लिहिलंय: ज्याचं नाव त्या मतदारसंघाच्या यादीत आहे त्याला मत देण्याचा हक्क, आणि ज्याचं नाही त्याला तो नाही. कार्डाचं काम त्याच्यानंतरचं. यादीतलं नाव जिचं आहे ती तूच, एवढंच ते सांगतं. तुमच्या घरचा वाद निम्मा तरी या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे पेटला, असं मला वाटतं. सासरे बोलत होते केंद्रावरच्या ओळखीबद्दल, नणंद बोलत होती यादीत राहण्याबद्दल. दोन्हीकडे कागद लागतात, पण दोन्हीकडचं दुखणं वेगळं आहे.

बायकांचं नाव आणि मतदार यादी यांचं नातं सुरुवातीपासूनच अवघड. आपल्या मुंबई प्रांतात बायकांना मतदानाचा हक्क १९२१ मध्ये मिळाला, पण तेव्हा मालमत्तेची अट होती आणि बाईच्या नावावर मालमत्ता असायची कितीशी? १९३५च्या कायद्याने दार जरा रुंद केलं, ते कसं, तर नवऱ्याच्या मालमत्तेवरून बायकोला मतदार होता यायला लागलं. म्हणजे यादीत यायचं तर कोणाची तरी बायको म्हणून यायचं. स्वातंत्र्यानंतर सगळ्या सज्ञान माणसांना सरसकट मत मिळालं, शिक्षण नाही, जमीन नाही, कसली अट नाही. मोठीच गोष्ट होती ती. पण याद्या करायला माणसं दारोदार गेली तेव्हा जुनी सवय आडवी आली. लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच लिहा म्हणाल्या. घरच्या पुरुषांनीही तेच सांगितलं.

सुकुमार सेन तेव्हा पहिले मुख्य निवडणूक आयुक्त होते. त्यांनी ठरवलं की नाव नसलेली नोंद ही नोंद नाही. बिहारसारख्या ठिकाणी दुरुस्तीला मुदत वाढवून दिली, बायकांनी पुढे येऊन नाव सांगावं म्हणून सांगून बघितलं. तरीही १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत देशातल्या साधारण आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख जणींची नावं यादीतून गळली. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश इथल्या त्या बहुतेक. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा किती तरी वेळ त्यात अडकून पडले. सेन बरोबर होते की चूक? त्यांनी ढिलाई दाखवली असती तर त्या बायका त्या वर्षी मत देऊ शकल्या असत्या, पण आणखी किती वर्षं बिननावाच्या राहिल्या असत्या कोण जाणे. त्यांनी ताठरपणा दाखवला आणि पुढच्या निवडणुकांना नावं आली. मला त्यांचं पटतं. पण त्या २८ लाख बायकांनी एका निवडणुकीची किंमत मोजली, हेही मी विसरायला तयार नाही. नियम योग्य असतो तेव्हाही तो कोणाच्या तरी अंगावरून जातो, हे तुझ्या सासऱ्यांना एकदा शांतपणे सांगून बघ.

आता त्यांची बाजूही घेते, कारण ते काही उगाच बोलत नाहीत. आपली आजी आठवते ना? तिच्या बाबतीत हे घडलं होतं. तू अगदी लहान होतीस. आजी नऊवारी नेसून, सकाळची कामं उरकून केंद्रावर गेली, तर आतल्या माणसाने यादी बघून सांगितलं, "आजी, तुमचं मत झालंय." कोणीतरी तिच्या नावावर शिक्का मारून गेलं होतं. आजीने बोट पुढे केलं, शाई नाही, काही नाही. तिला परत पाठवलं. घरी आल्यावर ती जेवली नाही. चोरी झाली असती तरी तिला एवढं लागलं नसतं. म्हणून कोणी मला सांगितलं की बोगस मतदान ही नुसती आवई आहे, तर मला ते ऐकवत नाही.

पण त्या दिवशी आजीला एक गोष्ट कोणी सांगितली नाही, ती तू पक्की लक्षात ठेव. तुझ्या नावावर आधीच कोणी मत दिलं असेल तरी तुला मत देता येतं. केंद्राध्यक्षाला शांतपणे सांगायचं, "मला प्रदत्त मत द्यायचंय." तुझी ओळख पटली की तो तुला यंत्राऐवजी कागदी मतपत्रिका देतो, तुझी सही किंवा अंगठा वेगळ्या नमुन्यात घेतो आणि ते मत वेगळ्या पाकिटात बंद होतं. एरवी मोजणीत ते धरत नाहीत, हे खरं. पण निकाल अगदी घासून लागला आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर तीच पाकिटं पुढे येतात. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने हरले होते, एका! तो वाद या प्रदत्त मतांवरूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेव्हा "आता काय उपयोग" म्हणून मागे फिरायचं नाही. आपल्या नावावर झालेल्या चोरीची सरकारी नोंद तरी होते.

आणि उलटंही आहे. रांगेत तुझ्यासमोर एखादी बाई दुसरीच्या नावावर आली असेल, तर आत बसलेला उमेदवाराचा पोलिंग एजंट तिच्या ओळखीला हरकत घेऊ शकतो. त्यासाठी त्याला दोन रुपये भरावे लागतात. हरकत खोटी, उगाच त्रास द्यायला घेतली असं केंद्राध्यक्षाला वाटलं तर ते दोन रुपये जप्त. रक्कम क्षुल्लक आहे, पण त्यामागचा विचार मला आवडतो. दुसऱ्याच्या ओळखीवर बोट ठेवायचं तर स्वतःचंही काहीतरी पणाला लावायला हवं.

कार्डाची गोष्ट आपल्या आठवणीतली. फोटोचं ओळखपत्र १९९३ मध्ये तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी आणलं. तेव्हा नेत्यांनी खर्चावरून बोंबाबोंब केली. १ जानेवारी १९९५ नंतर कार्डांशिवाय निवडणूकच होऊ देणार नाही, अशी शेषन यांची भूमिका होती. शेवटी तसं झालं नाही. आपल्या महाराष्ट्राची विधानसभा निवडणूक फेब्रुवारी-मार्च १९९५ मध्ये झाली ती घरोघरी कार्ड पोचलेलं नसतानाच. शेषन यांच्याबद्दल मला आदर आहे, त्यांनी निवडणुकीचा गोंगाट आणि गुंडगिरी आटोक्यात आणली, बोगस मतदानाला चाप लावला. पण सरकारला कार्ड पोचवता आलं नाही म्हणून नागरिकाचं मत थांबवायचं, हे उलटं झालं असतं. ज्याने काम केलं नाही त्याला शिक्षा नाही आणि ज्याची चूक नाही त्याला शिक्षा. ते टळलं, हे बरंच झालं.

त्यातून जी रीत तयार झाली ती मला आजही सगळ्यात शहाणपणाची वाटते. ओळख दाखवायचीच, पण मतदार ओळखपत्रच हवं असा हट्ट नाही. लोकसभेला २०२४ मध्ये त्याऐवजी बारा प्रकारचे फोटो असलेले कागद चालत होते. आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट ही आपल्यासारख्यांची. पण त्याच यादीत रोजगार हमीचं जॉबकार्ड होतं, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक होतं, पेन्शनचा फोटो असलेला कागद होता, दिव्यांगांचं ओळखपत्र होतं. ज्या बाईने आयुष्यात कधी गाडी चालवली नाही, विमान पाहिलं नाही, तिच्याकडेही यातलं एखादं निघतंच. नावाच्या स्पेलिंगमध्ये बारीकसारीक चूक असली तरी माणूस तोच आहे हे पटलं की अडवत नाहीत. कार्ड दुसऱ्या मतदारसंघात काढलेलं असलं तरी चालतं, फक्त यादीत तुझं नाव त्या केंद्रावर हवं. आणि एक ध्यानात ठेव, घरी येते ती मतदार चिठ्ठी आता ओळख म्हणून चालत नाही. ती फक्त केंद्र आणि अनुक्रमांक सांगायला. अजून किती तरी आज्या-मावश्या तेवढीच चिठ्ठी मुठीत धरून येतात आणि उन्हात परत जातात.

म्हणजे केंद्रावरची ओळख, हा तुझ्या सासऱ्यांचा मुद्दा, आपल्या देशात बऱ्यापैकी मार्गी लागलाय. बोटाला शाई, आत यादीत फोटो, हातात कुठलातरी एक कागद आणि समोर सगळ्या पक्षांचे एजंट. तुझ्या नणंदेची काळजी वेगळीकडे आहे, आणि आता मी तिच्या बाजूने बोलणार आहे. खरी परीक्षा मतदानाच्या दिवसाआधीच झालेली असते, यादी करताना.

बिहारमध्ये २०२५ साली काय झालं ते बघ. विधानसभा निवडणूक तोंडावर आलेली आणि निवडणूक आयोगाने २४ जूनला मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी जाहीर केली. यादीत तेव्हा सुमारे ७ कोटी ८९ लाख नावं. सगळ्यांनी नव्याने अर्ज भरायचे, आणि २००३च्या यादीत ज्यांचं नाव नाही त्यांनी अकरापैकी एक कागद जोडायचा. त्या अकरांमध्ये आधार नव्हतं, रेशनकार्ड नव्हतं आणि खुद्द आयोगाने दिलेलं मतदार ओळखपत्रही नव्हतं. १ ऑगस्टला प्रारूप यादी आली ती ७ कोटी २४ लाखांची. ६५ लाख नावं बाहेर. आयोगाचं म्हणणं होतं की त्यात मयत आहेत, कायमचे गाव सोडून गेलेले आहेत, दोन ठिकाणी नोंदवलेले आहेत. त्यातलं बरंचसं खरंही असेल, याद्या वर्षानुवर्षं साफ केल्या नाहीत की असंच होतं. पण ती ६५ लाख माणसं कोण आणि प्रत्येकाला का वगळलं, हे लोकांना बघता येत नव्हतं. ते जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्टला द्यावा लागला. ८ सप्टेंबरला न्यायालयाने आधारही बारावा कागद म्हणून घ्यायला लावलं, नागरिकत्वाचा नव्हे तर ओळखीचा पुरावा म्हणून. अखेरची यादी ७ कोटी ४२ लाखांवर आली.

यात बायकांचं कसं झालं ते नीट समजून घे, कारण हे उद्या तुझ्या दारात येईल. २००३च्या यादीशी आपली साखळी जोडायची होती. पुरुषाला सोपं, तो त्याच गावात, बापाचं नाव त्याच यादीत. लग्न होऊन आलेल्या बाईला मात्र सासरच्या माणसांची यादी चालत नव्हती, आईवडिलांचं नाव दाखवायचं होतं. म्हणजे माहेरच्या गावची वीस वर्षांपूर्वीची यादी, तिथला भाग क्रमांक, बापाचं नाव जसं छापलंय तसं. जिचे आईवडील राहिले नाहीत, भाऊ बोलत नाही, माहेर दुसऱ्या जिल्ह्यात किंवा नेपाळच्या हद्दीपलीकडे, तिने काय करायचं? कायद्यात कुठेही बाईला कमी लेखलेलं नाही. तरी घर बदलणारी तीच, नाव बदलणारी तीच, म्हणून पुराव्याचा भार तिच्यावरच जास्त पडतो. तुझ्या नणंदेला हेच म्हणायचं होतं, फक्त ती रागात बोलली.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस पुढचा टप्पा जाहीर झाला, त्यातल्या बारा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत गोवा होता, महाराष्ट्र नव्हता. सावंतवाडी-बांद्याकडच्या किती मुली गोव्यात दिल्यात, त्यांना माहेरच्या जुन्या याद्या महाराष्ट्रातच शोधाव्या लागल्या. आपली पाळी येईल तेव्हा तुझ्या हातात कागद तयार असावेत म्हणून आत्तापासून सांगतेय. आईबाबांचं नाव असलेलं जुन्या यादीचं पान संकेतस्थळावरून काढून ठेव. मी माझं काढलंय, तुलाही पाठवते.

महाराष्ट्रातही याद्यांवरून कमी वादळ झालेलं नाही. २०२४च्या लोकसभेनंतर विधानसभेपर्यंतच्या काही महिन्यांत राज्याचे मतदार सुमारे ४० लाखांनी वाढले. विरोधी पक्षांनी त्यावर बोट ठेवलं, आयोगाने आरोप फेटाळले. पुढे १ नोव्हेंबर २०२५ला मुंबईत विरोधकांचा 'सत्याचा मोर्चा' निघाला, दुबार नावांचे गठ्ठे पत्रकार परिषदांत दाखवले गेले. मी कुठल्याच पक्षाची वकिली करणार नाही. पण एक बघ, बिहारमध्ये ओरड नावं गेल्याची, आपल्याकडे ओरड नावं वाढल्याची. दोन्ही ठिकाणी लोकांचा यादीवरचा विश्वास हलला. आणि यातलं काहीही केंद्रावर कार्ड दाखवून सुटणारं नाही. दोन गावांत नाव असलेल्या माणसाकडे दोन्हीकडे दाखवायला खरं कार्ड असतं. आणि जिचं नावच उडालंय तिने पासपोर्ट दाखवला तरी उपयोग नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बीडकडच्या बायका आठव. ओळखपत्र त्यांच्याकडे असतं, यादीत नावही असतं, पण त्या स्वतः दीडदोनशे किलोमीटरवर फडात असतात. २०२४ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला होती आणि गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून. टोळी निघून गेलेली, मुकादमाची उचल घेतलेली, मतासाठी कोण गावी सोडणार? पोटासाठी बाहेरगावी राहिलेल्यांना तिथूनच मत देता यावं म्हणून आयोगाने एक यंत्र दाखवलं होतं, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ. २०२३च्या जानेवारीत पक्षांना बोलावून चर्चा केली, बहुतेक विरोधी पक्षांनी शंका काढल्या आणि ते तिथेच राहिलं. शंका रास्त असतीलही. पण ओळखपत्राच्या वादावर तासन्‌तास बोलणारे लोक या बायकांच्या मतावर पाच मिनिटं बोलत नाहीत, याचा मला राग येतो.

हे आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत प्रतिनिधीगृहाने एप्रिल २०२५ मध्ये एक विधेयक मंजूर केलं, मतदार नोंदणीला नागरिकत्वाचा कागद मागणारं. तिथे पहिला प्रश्न उठला तो लग्न झालेल्या बायकांचा. जन्मदाखल्यावर माहेरचं आडनाव, बाकी सगळीकडे नवऱ्याचं. तिथल्या आपल्या मराठी मुली, ज्या तिकडच्या नागरिक झाल्यात, त्याही या प्रश्नात आल्या. घर बदललेल्या बाईला कागद जुळवताना होणारा त्रास सगळीकडे सारखाच.

तर मला विचारशील तर माझं मत असं. ओळख मागावी, जरूर मागावी. आजीचं मत चोरीला गेलेलं मी पाहिलंय. पण जो मागतो त्याने आधी द्यावं. सरकारने कार्ड घरपोच द्यावं, एक नसेल तर दुसरा कागद चालवून घ्यावा, आणि यादीतून नाव काढायचं तर त्या माणसाला आधी विचारल्याशिवाय काढू नये. हा काही माझा लहरी आग्रह नाही. मतदार नोंदणीच्या नियमांतच आहे की नाव वगळण्याआधी त्या व्यक्तीला म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी. दिल्ली आणि मुंबईतल्या मतदारांच्या नागरिकत्वावर अशीच शंका घेतली गेली तेव्हा १९९५ मध्ये लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आधीच्या यादीत नाव असणं याला वजन आहे, ते उडवून लावून माणसाला पहिल्यापासून सगळं सिद्ध करायला लावू नका. तिथेच माझं मन थांबतं. संशय यंत्रणेला आला असेल तर धावपळ यंत्रणेने करावी.

आता तुझ्या कामाचं. नाव चिंचवडला आणायला नवा अर्ज क्रमांक ६ भरू नकोस, तो पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांसाठी. तो भरलास की कऱ्हाडचं नाव तसंच राहण्याची शक्यता आणि तूच दुबार मतदार. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याला मान्य नाही, आणि अर्जात खोटं निवेदन केलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. तुला लागतो तो अर्ज क्रमांक ८. पत्ता बदलणं, चूक दुरुस्त करणं, कार्ड हरवलं तर नवं मागणं, सगळं त्याच एका अर्जात. मोबाइलवर मतदार सेवेच्या संकेतस्थळावरून भरता येतो, नाहीतर तुमच्या भागाच्या बीएलओकडे, म्हणजे केंद्राच्या पातळीवर यादीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे दे. बहुतेक ठिकाणी त्या अंगणवाडी सेविका नाहीतर शाळेतल्या बाई असतात, दुपारी भेटतात. पत्त्याचा पुरावा तुझ्या नावाचा नसेल तर नवऱ्याच्या नावावरचं वीजबिल किंवा नोंदणी केलेला भाडेकरार चालतो. बीएलओ घरी येऊन बघून जातील. कार्डावरचा क्रमांक तोच राहतो.

आणि हो, आडनाव. तुला कोणी सांगितलं असेल की लग्नानंतर नाव बदलल्याशिवाय सासरच्या यादीत येता येत नाही, तर ते साफ खोटं आहे. पत्ता बदलायला नाव बदलावं लागत नाही. तुला माहेरचं नाव ठेवायचं असेल तर ठेव, सासरचं लावायचं असेल तर लाव, तो तुझा निर्णय. फक्त जे ठरवशील ते आधार, पॅन, बँक आणि मतदार यादी सगळीकडे एकच असू दे. अर्ध्या कागदांवर एक आणि अर्ध्यांवर दुसरं, असं झालं की प्रत्येक खिडकीवर तुलाच समजावून सांगत बसावं लागेल. 

घाई का करायची, तेही सांगते. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादी गोठते, नंतर कोणाचंही नाव घालता येत नाही. निवडणूक जाहीर झाल्यावर सगळे धावतात आणि ऐन वेळी अर्ज अडकतात. महापालिकेसाठी वेगळी नोंदणी नसते, विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडून वापरतात. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत, पण उमेदवार व्हायलाही आधी तिथल्या यादीत नाव लागतं. तू कधी उभी राहशील असं मला वाटतं म्हणून नव्हे, वाटतंच खरं तर, पण ते पुन्हा कधी.

तुझ्याबरोबर आणखी दोघींचं बघ. घरकामाला येणाऱ्या मावशींना विचार, नाव गावी आहे की इथे. त्या दहा वर्षं चिंचवडला राहतात, म्हणजे कायद्याने त्या इथल्या सर्वसाधारण रहिवासी. अर्ज भरायला त्यांच्याकडे वेळ नसतो, तू पंधरा मिनिटं बसलीस तर होईल. मतदानाच्या दिवशी त्यांना पगारी सुट्टी दे म्हणून सासूबाईंशी बोल. दुसऱ्या तुझ्या आजेसासूबाई. पंचाऐंशी उलटलीये ना त्यांची? मग २०२४च्या लोकसभेपासून त्यांना घरूनच मत देता येतं, अर्ज क्रमांक १२-ड निवडणूक जाहीर झाल्यावर वेळेत द्यायचा. मतदान केंद्राचे कर्मचारी घरी येतात. त्यांना जिन्यावरून उचलून न्यायची काही गरज नाही.

आणि सासऱ्यांशी भांडू नकोस. ते ज्या बोगस मतदानाला घाबरतात ते खरंच होतं, आणि नणंद ज्या अन्यायाबद्दल बोलते तोही खरंच होतो. पुन्हा विषय निघाला तर आत जाऊ नकोस. आमटी कोणीतरी दुसरं आणेल. बस, आणि त्यांना बिहारच्या बायकांचं सांग, आजीचंही सांग. तुला त्या घरात मत आहे हे त्यांना दिसू दे.

राज्यात २०२४च्या विधानसभेला पुरुष मतदार साधारण ५ कोटी होते आणि बायका ४ कोटी ७० लाखांच्या आत. ही तूट सगळी यादीमुळे नाही, मुली जन्मूच दिल्या नाहीत त्याचाही त्यात वाटा आहे. पण जेवढी यादीमुळे आहे तेवढी आपण घरोघरी बसून भरून काढू शकतो. अर्ज या रविवारीच भर, आणि पोच क्रमांक मला पाठव. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर १९५० या क्रमांकावर फोन कर, नाहीतर तहसील कार्यालयातल्या निवडणूक शाखेत जा. एकटीला जायचं नसेल तर मला सांग, मी सुट्टी काढून येते.